आईच्या नावाचा दुसरा शब्द

परदेशी नोकरीला गेलेले आपले लोक घरी कळवतात ते पगाराचे, उन्हाचे आणि खोलीतल्या गर्दीचे. कागदांविषयी फारसे कोणी सांगत नाही. मी शारजात एका कंपनीच्या हिशेब खात्यात कारकून होतो. कागद हाच माझा धंदा. तरीही परक्या मुलखात माणसाने स्वतःच एक फाईल होऊन राहायचे असते, हे तिथे गेल्यावर समजले. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, बोटांचे ठसे, मग ओळखपत्र. व्हिसा कंपनीचा, नोकरी सुटली की तोही सुटला. अर्ज टायपिंग सेंटरमध्ये अरबीत टाईप होतो. अरबीत 'प' नाही, 'च' नाही, त्यामुळे पगारे तिथे बागारे होतात. हसून सोडून द्यायचे!

बायकोला न्यायचे तर पगार चार हजार दिरहॅम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, असा नियम. त्यात कसाबसा बसलो. जानेवारी २०२३ मध्ये तिचे बाळंतपण होते. मदतीला आई येणार, हे सहा महिने आधी ठरलेले. आणि २१ नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने नवा नियम लावला : पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असेल, तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. आईच्या पासपोर्टवर एकच शब्द होता. आडनावाचा रकाना एजंटाने कोरा सोडला होता.

आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "सत्तर वर्सं एका नावावर काढली, आता त्या शेखाला दोन कशाला पायजेत?"

याला मी काय उत्तर देणार? आपल्या मायबहिणींच्या त्या पिढीला शाळा नाही, म्हणून दाखला नाही. मजुरीच्या हजेरीत एक नाव पुरत असे. आडनावाची गरज पडली ती पुरुषांना, आणि ते सांगताना त्यांची जीभ अडखळत असे. कारण आपल्याकडे आडनाव विचारणाराला खरे म्हणजे जात विचारायची असते. शारजात शेजारच्या खोलीतल्या मराठी गृहस्थांनीही पहिल्याच भेटीत मला 'पूर्ण नाव' विचारले होते! तिथल्या सरकारला मात्र आडनावावरून काहीच ओळखायचे नव्हते. रकाना भरलेला हवा, एवढेच. ही अडवणूक जातीची नव्हती. पण आई अडली ती अडलीच.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यात व्हिसाचा अर्ज कुठेच नाही. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या त्या विद्वानाला १९१७ साली बडोद्यात डोके टेकायला जागा मिळेना. पारशी सरायीच्या रजिस्टरात पारशी नाव लिहून ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. त्या रात्री खोलीत मी ती पाने पुन्हा वाचली.

आईचा अर्ज भावाने पासपोर्ट सेवा केंद्रात नेला. पोलीस तपासणी झाली आणि मार्चमध्ये दोन शब्दांचा पासपोर्ट हाती आला. तोवर बाळ दोन महिन्यांचे झाले होते. बाळंतीण, बाळ आणि नोकरी, तिन्ही आम्ही दोघांनीच ओढले. बाळाचे वेगळेच. जन्मापासून १२० दिवसांत त्याचा पासपोर्ट आणि राहण्याचा व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर दंड. मान धरता येत नाही अशा जिवाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काढताना आमची जी तारांबळ उडाली ती काही विचारू नका. वकिलातीच्या अर्जात आडनावाचा रकाना मी आधी भरला, बाकीचे नंतर.

आता गावी परतलो आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर वडीलधाऱ्यांचे पासपोर्ट तपासतो. आतापर्यंत सात जणांचे एकाच शब्दाचे निघाले, त्यांत सहा बाया. ज्यांची मुले-मुली आखातात आहेत त्यांनी तिकिटाआधी तो रकाना जरूर पाहावा. मागच्या रविवारी एका आजींनी विचारले, "बाबा, आडनाव कुनाचं लावू? बापाचं का नवऱ्याचं?" मी म्हटले, "आजी, तुमच्या आधार कार्डावर कोणतं आहे, ते आधी बघू."