जबलपूरचा मे महिना आणि डर्बीचा पाय

मे महिन्यात जबलपूरला जाते म्हटलं की लोक वेड्यात काढतात. त्यांचं फारसं चुकत नाही. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, रस्त्यावर लू वाहतेय, दुकानांची दारं अर्धी लोटलेली. पण या दिवसांत जबलपूर रात्री आणि पहाटे जगतं. ते जबलपूर पाहायचं असेल तर मे महिनाच गाठायला हवा.

मुंबईहून हावडा मेलने हे अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि कलकत्त्याकडून येणारा असे दोन लोहमार्ग इथेच एकमेकांना मिळाले आणि हिंदुस्थान आडवा पार करता येऊ लागला. मराठी माणूस मात्र आगगाडीच्या कितीतरी आधी इथे पोचला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेला. पुढे इंग्रजांची छावणी, रेल्वे, १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी आणि १९५६ मध्ये आलेलं हायकोर्ट यांच्यामागोमाग आणखी मराठी घरं आली. त्यांच्या मराठीला हिंदीची गोड फोडणी असते. नेपियर टाऊनमध्ये राहणारी माझी आत्या सहज म्हणून जाते, "बेटा, फ्रीजमधून बर्फ निकाल जरा."

हा बर्फ सरबतासाठी नसतो. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री आत्याच्या घरी डर्बीचा पाय भाजला जातो. पाय म्हणजे तंगडी नव्हे हो! मैद्याच्या खुसखुशीत पारीत गोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला हा अमेरिकन पदार्थ. आत्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, बरीच वर्षं अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिल शहरात राहते. तिथली केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तीन वर्षांचे घोडे, सुमारे दोन किलोमीटरचं अंतर आणि अवघ्या दोन मिनिटांचा खेळ. जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर गुलाबांची भलीमोठी चादर घालतात. शर्यतीच्या दिवशी तिथल्या घरोघरी चॉकलेट आणि आक्रोडाचा हा पाय खातात. ताईने पहिल्या माहेरपणाला येताना त्याची कृती आणली आणि ती इथे राहून गेली.

घोड्यांच्या शर्यती बघायला कुणी जबलपूरला येत नाही, त्यासाठी पुणे-मुंबई आहे. आपली इंडियन डर्बी १९४३ पासून, आणि ती धावते महालक्ष्मीला फेब्रुवारीत. पण एक गंमत सांगते. केंटकी डर्बी पहिल्यांदा धावली १८७५ मध्ये. त्याच वर्षी जबलपूरच्या छावणीत पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून एक नवा खेळ काढला. तोच आजचा स्नूकर. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटकडे त्याचं श्रेय जातं. (पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) आतोबांना हा योगायोग भलता आवडायचा. पाहुण्यांना पाय वाढताना ते हटकून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने आश्चर्य दाखवलं नाही तर पुन्हा सांगायचे.

या पायाचा जन्म लुईव्हिलजवळच्या प्रॉस्पेक्ट गावचा. तिथल्या मेलरोज इन या खानावळीत १९५४ च्या सुमारास कर्न कुटुंबाने तो बनवला. 'डर्बी-पाय' हे नाव त्यांनी पुढे ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलं आणि कोर्टकचेऱ्या करून राखलं. त्यामुळे इतर बेकऱ्यांना तोच पदार्थ दुसऱ्या नावाने विकावा लागतो. अनेक जणी त्यात पेकन नावाचा अमेरिकन सुकामेवा आणि थोडी व्हिस्की घालतात. पण कर्नांच्या पायात आक्रोडच असतात आणि दारू नसते. म्हणजे काश्मिरी आक्रोड घालणारी आत्या मूळ पदार्थाच्या अधिक जवळ आहे.

खरी कसोटी पारीची. मैद्यात लोण्याचे बारीक तुकडे घट्टच राहिले, तर ओव्हनमध्ये ते वितळून आणि पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. लोणी आधीच वितळलं तर पारी दडस होते. जबलपूरच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात लोणी घट्ट ठेवायचं म्हणजे नवलच! म्हणून आत्या दुपारीच मैदा आणि पितळी परात फ्रीजमध्ये ठेवते. रात्री नऊनंतर कूलर स्वयंपाकघराच्या दाराशी ओढला जातो आणि कामाला सुरुवात होते.

एकशेसाठ ग्रॅम मैद्यात एकशेदहा ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. लोणी बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ घाला. तीन-चार चमचे बर्फाच्या पाण्याने गोळा जेमतेम जमवायचा, पोळीच्या कणकेसारखा मळायचा नाही. तो तासभर फ्रीजमध्ये ठेवून, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून नऊ इंची डब्यात बसवायचा. मग सारण. दोन अंडी आणि दीडशे ग्रॅम साखर फेटून त्यात साठ ग्रॅम मैदा, वितळवून निववलेलं एकशेदहा ग्रॅम लोणी आणि चमचाभर व्हॅनिला मिसळा. त्यात शंभर ग्रॅम आक्रोडाचे तुकडे आणि दीडशे ग्रॅम कमी गोड चॉकलेट चिरून घाला. आक्रोड आधी मंद आचेवर शेकले तर तुरटपणा कमी होतो. अमेरिकन कृतीत साखर दोनशे ग्रॅम असते. आपल्याला दीडशे पुष्कळ झाली.

शेवटी आत्याची स्वतःची भर, दोन चमचे चारोळी. ही मात्र अस्सल इथली. शेजारच्या मंडला-दिंडोरीच्या जंगलात उन्हाळ्यात गोंड-बैगा कुटुंबं चारोळीची फळं गोळा करतात. चारोळी वरून पसरू नका, करपते. सारणात मिसळा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर साधारण पंचेचाळीस मिनिटं लागतात. वरचा थर पापुद्र्यासारखा तडकतो आणि मध्यभाग किंचित हलतो, तेव्हा बाहेर काढा. पण लगेच सुरी लावू नका. सारण बसायला तीन-चार तास लागतात.

हे तीन-चार तास जबलपूरमध्ये फुकट जात नाहीत. उन्हाळ्यात रात्री बाजार उशिरापर्यंत जागा असतो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणाऱ्या कमानिया गेटपाशी बडकुल हलवायाची खव्याची जलेबी मिळते. काळपट, जाड, आणि आपल्या जिलबीपेक्षा गुलाबजामच्या जवळची. शेजारच्या जैन काकूंसाठी ती आणावीच लागते, कारण त्यांना अंडं चालत नाही. आत्याने एकदा बिनअंड्याचा पाय करून पाहिला होता. तिच्याच शब्दांत, "ठीक था." तेव्हापासून जलेबी.

लुईव्हिलला शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट. घोडे सुटतात ते आपल्या साडेचारच्या सुमारास. कोवळ्या झोपेची ही वेळ, पण आत्याला गजर लावावा लागत नाही. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर वीसेक मिनिटांनी जबलपूर हादरलं होतं. ५.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात कित्येक घरं पडली, माणसं गेली. मदन महालच्या टेकडीवरची, एका टोकावर तोललेली प्रसिद्ध शिळा मात्र जागची हलली नाही. आतोबांनी तेव्हा शाळकरी असलेल्या ताईला उचलून अंगणात आणलं आणि पुढचे कित्येक दिवस सगळं घर अंगणात झोपलं. त्यानंतर मे महिना आला की आत्याला चारला जाग यायची. दिवा लावून एकटी बसायची. म्हणून ताईने पहिल्या वर्षी लुईव्हिलहून सांगितलं, "आई, तू जागीच असतेस ना? मग माझ्याबरोबर शर्यत बघ."

आता आतोबा नाहीत आणि ताईला दर वर्षी येणं जमत नाही. पण फोनच्या पडद्यावर दोन्हीकडे पाय मांडलेला असतो. पैज पैशांची नसते. जो तो नावावरून घोडा निवडतो आणि ज्याचा घोडा सर्वांत मागे पडेल त्याने भांडी घासायची. २०२० मध्ये करोनामुळे डर्बी पाच सप्टेंबरला गेली, तर इथे पितृपक्ष चालू. पारीसाठी हवा चांगली होती, पण आत्या घरात अंडं येऊ देईना. त्या वर्षी शिरा केला. ताईने तिकडे पाय कापला आणि दोघींनी आपापलं खाल्लं.

यंदा माझा घोडा शेवटून दुसरा आला, भांडी वाचली. आत्याचा मधेच कुठेतरी हरवला. "जाने दो," म्हणत तिने ताईला पारी दाखवली, ताईने पदर मोजले आणि मग तासभर दोघी शर्यत सोडून इतर सगळ्या गोष्टींवर बोलत बसल्या.

सहाच्या आत उरलेला पाय डब्यात भरून भेडाघाटला निघालात तर ऊन चढायच्या आधी पोचता. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. संगमरवरी कड्यांमधून नाव नेणारे नावाडी यमक जुळवत वर्णन करतात, त्यांना बोलू द्या. पावसाळ्यात नावा बंद असतात. पाय मात्र नावेत उघडू नका, किनाऱ्यावर सावलीत खा. नऊनंतर चॉकलेट वितळतं आणि डबा चाटावा लागतो.