डाव्या दारातली खडखड

खडखडीचा माझा पहिला संशय गेला तो बायकोच्या पाण्याच्या बाटलीवर. पुढच्या डाव्या दाराच्या कप्प्यात ती स्टीलची बाटली ठेवते, आवाजही त्याच बाजूचा, म्हणजे चोर सापडला असं मी परस्पर ठरवून टाकलं. बाटली मागच्या सीटवर गेली. जामठीच्या रस्त्याला लागलो तर खडखड जशीच्या तशी. ती म्हणाली, "अहो, कप्प्यातून नाही, वरून येतोय. काच खाली करून कोपर टेकवलं की बंद होतो." मी "बरं" म्हटलं आणि विषय सोडून दिला. रोगाचं अर्धं निदान तिने तिथेच केलं होतं, पण गाडी चालवतो मी, म्हणजे गाडीतलं कळतंही मलाच, हा माझा जुना समज.

माझं बोदवडला कृषी केंद्र आहे. उधारी वसूल करायला एणगाव, शेलवड, जामठी असं फिरावंच लागतं. इकडची जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्या तालावर वर-खाली होत राहतो. खड्डा नसला तरी गाडी हिंदकळते. वरणगाव-मुक्ताईनगर हायवेवर मात्र आवाज गप्प, आणि गावाकडे वळलं की पुन्हा सुरू. यावरून मी शोध लावला की शॉकअप गेले. गॅरेजवाला म्हणत होता, "भाऊ, आधी दार पाहून घेऊ." मी म्हटलं, तू शॉकअप टाक. टाकले. गाडी मस्त बसायला लागली. खडखड होतीच, आणि आता बाकी सगळं शांत झाल्याने ती जास्तच ठसठशीत ऐकू यायला लागली.

शॉकअपचे पैसे गेल्यावर मी चिडलो आणि ठरवलं, आता कोणाला हात लावू द्यायचा नाही, आपणच खोलायचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस दाराचा आतला पॅड प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने हळूच उचकटत होता. माझ्याकडे ती पट्टी नव्हती, मोठा पेचकस होता. कट्‌ कट्‌ करत क्लिपा तुटल्या. हँडलमागे टोपणाखाली एक स्क्रू लपलेला असतो, तो न काढताच मी पॅड ओढला, त्यामुळे त्याचा कोपराही चिरला. आत पाहतो तर दाराच्या पूर्ण पोकळीवर काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद. मला वाटलं, कारखान्यातलं पॅकिंग राहून गेलंय! फाडून टाकला. खरं सांगायचं तर मनातल्या मनात कारखानेवाल्यांना हसलोही.

मग जुन्या गादीचा फोम कापून दारात तळापर्यंत कोंबला. आवाज दबला. संध्याकाळी दुकानावर बसलेल्या चार लोकांना मी गाडीचा आवाज कसा शोधावा यावर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान आठवलं की आजही कानाची पाळी गरम होते.

दार आतून कोरडं असतं, ही माझी समजूत होती. ते कोरडं नसतंच, तसं बनवलेलंच नसतं. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत रबराच्या फटीतून दारात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ते पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो प्लॅस्टिकचा कागद. मी कागद फेकून दिला होता आणि भोकं फोमने बुजवली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा भिजला. नंतर आंबूस वास यायला लागला. एक दिवस मॅट उचलली, तर खाली सांडलेल्या मक्याला बोटभर कोंब. बियाणं माझ्याच दुकानातलं. उगवणशक्तीबद्दल तक्रारीला जागा नव्हती!

आणि पावसाने फोम चिंब होऊन खाली बसल्यावर खडखड परत आली.

तोवर गाडीला त्या आवाजाने कसलाही धोका नव्हता. जे काही बिघडलं होतं ते मी दुरुस्त करताना बिघडवलं होतं. शेवटी डेंटरकडे गेलो, तेसुद्धा पॅडचा चिरलेला कोपरा बुजवायला. आवाजाचं मी ओशाळून जाता जाता सांगितलं. त्याने पाना-पक्कड कशालाच हात लावला नाही. माठ घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने उजव्या दारावर ठोकलं: ढब्. डाव्या दारावर, काचेच्या जरा खाली: टण्ण. मग मला म्हणाला, चला. मी गाडी चालवत होतो, तो काच खाली करून बाहेरून पत्र्यावर तळहात दाबून बसला. आवाज बंद. हात उचलला, आवाज सुरू. बायकोचं कोपर नेमकं तिथेच टेकायचं.

दाराच्या पोकळीत आडवा एक जाड पाइप असतो, बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला. बाहेरचा पत्रा आणि हा पाइप यांच्यामध्ये जागोजागी मऊ डिंकाचे गोळे भरलेले असतात. ते वाळून कडक झाले की पत्र्याला सोडतात, आणि मोकळा पत्रा थरथरत पाइपवर वाजायला लागतो. डावंच दार का? दुकानासमोर माझी गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असते, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारनंतर तो पत्रा रोज तापायचा.

अशा आवाजांमागे मोठमोठी माणसं लागलेली असतात, हे मला नंतर कळलं. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली सुरू झालेल्या संस्थेत आवाज आणि कंपनं तपासायची वेगळी प्रयोगशाळा आहे. वाहन अभियंत्यांच्या भाषेत गुणगुण, करकर, खडखड या तिघांचं मिळून एक खातंच आहे, बझ-स्क्वीक-रॅटल. इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून त्यांचं काम वाढलंय म्हणे, कारण इंजिनाच्या घरघरीखाली जे झाकलं जायचं ते तिथे उघडं पडतं. शिवाय कान फसवतो. पोलादातून आवाज हवेपेक्षा पंधरापट वेगाने धावतो, आणि एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला ऐकू येते. एवढं वाचून मला जरा बरं वाटलं. पण त्यांच्याकडे यंत्रं असतात आणि माझ्याकडे शेजारच्या सीटवर बसलेली, नेमकी जागा सांगणारी बायको होती, हा फरक उरतोच.

डेंटरकडे जाताना हार्डवेअरमधून बाथरूमला लावायचं सिलिकॉन मी हुशारीने सोबत घेऊन गेलो होतो. त्याने टोपण काढून हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "आंबट वास येतो ना? ॲसिड सुटते यातून. लोखंडाले खाते हे, भाऊ." मग काचा बसवायला वापरतात ते काळं सीलंट त्याने लांब नळीने पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये भरलं, थोडंच. जास्त भरलं तर सुकताना ते पत्र्याला आत ओढतं आणि बाहेरून खळगा दिसतो. फोम काढून पिळला तेव्हा तपकिरी पाणी गळलं. तळाची भोकं तारेने मोकळी केली, नवा प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, क्लिपा टाकल्या. या सगळ्याची मजुरी शॉकअपच्या बिलासमोर काहीच नव्हती.

दाराच्या खालच्या कडेला आतून गंज धरलाय. तो घासून प्रायमर मारायला गाडी त्याच्याकडे दोन दिवस ठेवावी लागेल, आणि कापसाचा हंगाम आटोपेपर्यंत मला ती सोडता येत नाही. बाटली पुन्हा कप्प्यात आहे. तीही वाजते, पण वेगळी वाजते.