निमित्तावाचून

प्रवासवर्णन हा प्रकार शिकवताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. आपल्याकडे प्रवासाला निमित्त लागते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. परतताना त्यांनी आई-वडिलांसाठी गंगेची कावड आणली. कर्ज, दक्षिणा, कावड : जाण्यालाही कारण आणि येण्यालाही. पुढच्या काळात शिक्षण, संशोधन, परिषद, मुलीचे बाळंतपण अशी निमित्ते बदलत गेली, पण निमित्ताची गरज काही संपली नाही. 'मजा वाटते म्हणून गेलो' हे वाक्य मराठी माणूस सहसा दुसऱ्या कुठल्या तरी वाक्याच्या आडोशानेच उच्चारतो.

हे सारे मी वर्गात बरीच वर्षे हसत हसत सांगत आले. या उन्हाळ्यात ते माझ्यावरच उलटले आहे. मेअखेर मी श्रीलंकेतील कल्पिटिया या गावी बारा दिवसांसाठी काइटबोर्डिंग शिकायला निघाले आहे. वय एक्कावन्न. निमित्त काहीही नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायाखाली एक फळी, कमरेला रुंद पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-बावीस मीटर लांबीच्या चार-पाच दोऱ्यांनी जोडलेला भलामोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला पाण्यावरून. पाण्यात पडल्यावरही पुन्हा उडवता येईल असा, हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग ब्रुनो आणि दॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी तयार केला आणि १९८४ साली त्याचे पेटंट घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा एक प्रकार समाविष्ट झाला.

मी मूळची येवल्याची, त्यामुळे पतंग मला नवा नाही. भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस आमचे गाव गच्च्यांवर राहायला जाते. पतंग माझ्या हाती आणि आसारी आईच्या, असा आमच्या घरचा रिवाज होता. आई एरवी पैठणीच्या मागासाठी कांड्या भरायची; दोरा तिच्या बोटांना कळत असे. मांज्याचा गुंता झाला की मी तो दोन्ही हातांनी ओढू लागे आणि ती माझ्या हातावर चापट मारी. "गुंता ओढायचा नसतो गं, सैल करायचा असतो." पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. तिला मी पुण्याला आणले आणि नऊ वर्षे ती माझ्याकडे होती. त्या नऊ वर्षांत मी पुण्याबाहेर सलग दोन रात्री राहिले नाही. याची तक्रार तेव्हा नव्हती, आजही नाही. गेल्या वर्षी ती गेली आणि माझ्या हाती अचानक सुट्ट्या उरल्या.

तयारीचा पहिला भाग पोहण्याचा. पतंग सोडून द्यावा लागला तर किनाऱ्यापर्यंत स्वतःच्या बळावर येता आले पाहिजे, ही या खेळाची पहिली अट. समुद्रावरच्या कवितांचे रसग्रहण मी पंचवीस वर्षे करून दिले. पण छातीएवढ्या पाण्यात कठडा सोडायची वेळ आली तेव्हा माझे पाय थरथरू लागले. पालिकेच्या तलावात सहा-सात वर्षांची मुले माझ्या शेजारून सुळकन निघून जात. त्यांतल्या एकीने मला एकदा फार गंभीरपणे सांगितले, "आजी, श्वास आत नाही, बाहेर सोडायचा." चार महिन्यांनी मी तलावाची लांबी न थांबता चार वेळा कापू लागले.

दुसरा भाग वाऱ्याचा. साहित्याच्या माणसाला वारा म्हणजे अवखळपणा, विरह, बातमी, काळ. इथे तो दिशा आणि वेग एवढाच आहे, आणि त्या दोन गोष्टी चुकल्या तर जिवाशी गाठ. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा दिसायला सौम्य असला तरी सर्वांत घातक, कारण तो नवशिक्याला आत घेऊन जातो. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. म्हणून वारा जितका मोठा तितका पतंग लहान घ्यायचा. वीस नॉट म्हणजे ताशी सुमारे सदतीस किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात लहान झाडे मुळापासून डोलताना दिसतात. आता कॉलेजच्या आवारातील झाडांकडे मी त्याच नजरेने पाहते. प्रतिमांचा वारा हिरावला गेला याचे सुरुवातीला वाईट वाटले. मग भूगोल वाचताना एक गोष्ट कळली. कल्पिटियाला मे ते ऑक्टोबर या काळात जो वारा वाहतो तो आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा. मात्र तो भाग कोरडा असल्याने तेथे या दिवसांत वारा भरपूर आणि पाऊस अगदी थोडा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील येवल्यात आमचे पावसाळे नेमके असेच जात. ढग पळायचे, वारा कपडे उडवायचा, आणि पाऊस दुसरीकडेच पडायचा. या ओळखीने मला जो दिलासा दिला तो कोणत्याही उपमेने दिला नसता.

तिसरा भाग सोडण्याचा, आणि तोच मला जड गेला. माझा एक माजी विद्यार्थी हा खेळ खेळतो. त्याने सरावाचा छोटा पतंग आणला आणि एका मोकळ्या मैदानावर मला उभे केले. नियम सोपा होता : ओढ आवरेनाशी झाली की हातातला दांडा सोडून द्यायचा, पतंग आपोआप निपचित पडतो. खऱ्या पतंगाला सोडण्याच्या तीन पायऱ्या असतात. आधी हातातला दांडा सोडायचा, मग कमरेच्या पट्ट्याचा खटका काढायचा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर शेवटची दोरीही तोडून पतंगाला जाऊ द्यायचे. हे मी वहीत लिहून पाठ केले होते. पण झोत आला, पतंगाने हिसका दिला, आणि माझ्या मुठी आपोआप आवळल्या गेल्या. "मॅडम, सोडा! सोडा ना, मॅडम!" असे तो ओरडत होता आणि मी दहा-बारा पावले धावत जाऊन गुडघ्यांवर आपटले. दांडा तरीही हातातच होता.

गुडघ्याला हळद लावता लावता मी बराच वेळ विचार करत राहिले. ओढ वाढली की पकड घट्ट करायची, हे माझ्या हातांनी नऊ वर्षांत शिकून घेतले होते. रात्री दोनला खोकल्याचा आवाज आला की झोपेतही मूठ वळायची. ती सवय त्या काळात योग्यच होती. पण हातांना कोणी सांगितलेच नव्हते की काम संपले. त्यानंतर सलग तीन रविवार मी केवळ दांडा सोडण्याचा सराव केला. चाळीस वेळा, पन्नास वेळा. पतंग पडे, मी दोऱ्या सैल करून गुंता काढी, पुन्हा उभी राही.

प्रवासविम्याचा अर्ज भरताना साहसी खेळांसाठी वेगळा हप्ता द्यावा लागतो हे कळले. तो भरला. खाली वारसाचे नाव होते. माझ्या हाताने सवयीने आईचे नाव लिहिले, वयाच्या रकान्यापर्यंत पोचल्यावर मी थांबले. अर्ज नवा घ्यावा लागला. आता तेथे धाकट्या भावाचे नाव आहे.

परवा मावशीचा फोन आला. "एवढ्या लांब कशाला गं? काही कार्यक्रम आहे का?" एखाद्या चर्चासत्राचे नाव माझ्या ओठांवर अगदी तयार होते. ते मी गिळले आणि म्हणाले, "नाही मावशी. पतंग उडवायला चालले आहे." पलीकडे काही क्षण शांतता होती. नंतर ती म्हणाली, "आसारी कोण धरणार?"

ती थट्टा करत होती की आठवण काढत होती, हे मला आवाजावरून कळले नाही. बॅग मात्र आता बरीचशी भरून झाली आहे.