बाटली शंभराची, कोंबड्या सात

"डॉक्टर, तुमची बाटली शंभर कोंबड्यांची. माझ्या सात. उरलेलं काय मी पिऊ?"

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर काकींनी मला हे विचारलं, तेव्हा मला नोकरीत जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांचा हिशेब बिनतोड होता. मानमोडीची लस बर्फात ठेवून न्यायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. आमच्याकडे येणारी लहानातली लहान कुपीही १०० मात्रांची. हे गणित पोल्ट्रीवाल्यांसाठी मांडलेलं आहे, परसातल्या सात कोंबड्या त्यात बसत नाहीत.

मानमोडीला आम्ही राणीखेत म्हणतो, कुमाऊँमधल्या गावाच्या नावावरून. पण आपला शब्द जास्त नेमका आहे. कोंबडी चोच वासून श्वास घेते, हिरवट पातळ हगते आणि मग मान पिळून उलटी वळते. औषध नाही. पिलू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीची पंखाखाली सुई, एवढंच हाती असतं. खुराडं रिकामं झाल्यावर मला बोलावणं आलं की मी फक्त जमिनीकडे बघत उभा राहायचो. त्यातून लोक काय करतात, तर आजारी कोंबडी घाईघाईनं कापतात आणि पिसं, आतडी गडग्यापलीकडे फेकतात. गडगा माणसांना कळतो. शेजारची कोंबडी ती आतडी टोचायला हजर असते.

म्हणजे लस टोचायची तर अख्ख्या वाडीनं एका दिवशी. मी घरोघरी मोजणी केली. १६ घरं, ९२ कोंबड्या. बाटली जवळजवळ पुरी संपत होती. पण काकी आणि त्यांची शेजारीण बोलत नव्हत्या. कारण वांगी.

काकींच्या कोंबड्यांनी शेजारणीचा रोपांचा वाफा एका सकाळी उकरून टाकला होता. कोंबडीचं रोपाशी वैर नसतं. तिला नुकती खणलेली भुसभुशीत माती हवी असते, गांडुळांसाठी आणि धुळीत लोळायला. धुळीनं तिच्या अंगावरच्या उवा झडतात. कोंबडी कोंडून भांडण मिटतं खरं, पण मग दिवसभर दाणा विकतचा घालायचा आणि परसातल्या कोंबडीचा फायदाच गमवायचा. माझं मत पहिल्यापासून एकच आहे : कुंपण भाजीला घाला. मासेमारीचं फाटकं जाळं चार काठ्यांना बांधलं तरी चालतं. गावठी कोंबडी उडतेही चांगली, तेव्हा एका पंखाची टोकाची पिसं कातरायची. एकाच पंखाची हं, म्हणजे उडताना तोल जातो.

मांडवाखाली मात्र तिला खुशाल सोडा. पडवळ, दोडका, कारलं वर चढलं की तिची चोच तिथवर पोहोचत नाही, आणि घारीपासून आडोसाही मिळतो. फळमाशीची अळी किडक्या फळातून उतरून मातीत कोष करते, तो कोंबडी उकरून खाते. फवारणीपेक्षा हे मला आवडतं, पैसे वाचतात म्हणूनही. खुराड्यातली ताजी विष्ठा मात्र थेट मुळाशी घालू नका, रोप करपतं. पातेऱ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या.

दिवाळीच्या सुमारास 'अंडी का आटली?' हा प्रश्न ठरलेला. दिवस लहान होतात, जुनी पिसं झडून नवी येतात, कोंबडीचं सगळं बळ तिकडे जातं. पौष्टिक घाला, शिंपल्यांचा चुरा द्या आणि फटाके खुराड्यापासून लांब उडवा. बाकी काही करायची गरज नाही.

तर त्या वाडीवर शेजारणीच्या वाफ्याला जाळं मी स्वतः बांधलं. पशुवैद्यकाच्या कामात ते बसत नाही, पण त्याशिवाय तिच्या पाच कोंबड्या लसीतून सुटल्या असत्या. लसीच्या दिवशी पहाटे खुराडी उघडायच्या आधीच पोहोचलो, कारण एकदा बाहेर पडलेली कोंबडी माझ्या बापाला सापडणार नव्हती. काकी आत हात घालून एकेक कोंबडी काढत होत्या. चौथी फडफडून निसटली आणि शेजारणीच्या अंगणात गेली. तिनं ती पदराखाली धरली, गडग्यावरून माझ्यासमोर आणली आणि काकींकडे न बघता म्हणाली, "हीच ती, वांग्यावाली."


"टोचा हिला जरा जोरात," काकी म्हणाल्या.