हिशेबातील कृष्णा

परमुलखात बदली झालेल्या माणसाने गावची बोली बरोबर न्यावी, लोणच्याची बरणी न्यावी. नदी मात्र गावीच ठेवावी, असे आमचे मत होते. आवडीस आल्यावर ते ढळले. आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेचे, रणगाड्यांच्या कारखान्याचे गाव; 1955 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले. येथून तासाभराच्या वाटेवर पूंडीचा जलाशय आहे आणि त्यात कृष्णेचे पाणी येते, हे कळताच वाईच्या घाटावर वाढलेल्या आम्हांस शेजाऱ्यापाजाऱ्यांत उगाचच मोठेपणा वाटू लागला. जणू महाबळेश्वरची तोटी आम्हीच सोडीत होतो!

वस्तुतः ही गोष्ट कराराची. 1976 साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 अब्ज घनफूट पाणी मद्रासला द्यावयाचे कबूल केले. पंधरातले तीन वाफेला आणि झिरपण्याला सोडून बारा हाती यावयाचे. पहिले पाणी पूंडीस पोहोचले ते 1996 साली. पूंडी, चोळवरम, रेडहिल्स व चेंबरमबाक्कम हे शहराचे चारही जलाशय काठोकाठ भरले तरी त्यांत मिळून सव्वाअकराच मावते. यावरून देण्याचे माप कळावे. पुरते बारा मात्र येत नाही, हा बहुतेक वर्षांचा अनुभव.

2019 च्या उन्हाळ्यात आमच्या मातोश्री आवडीस आल्या. येताना देवघरातला, लाखेने तोंड बंद केलेला कृष्णेच्या पाण्याचा गडू बरोबर. जूनमध्ये चारही जलाशयांनी तळ दाखविला. आमच्या इमारतीची विहीर आटली आणि टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसणे हा घराचा नित्यनेम झाला. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, ‘‘अरे, तुझी कृष्णा कुठं अडली?’’ आम्हांस उत्तर सुचले नाही.

जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी सुरू झाली. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. आवडी स्टेशनावरून ती विल्लिवाक्कमला जाई. पाणी कावेरीचे. 2016 साली मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती, तिच्यात कृष्णा होती! आई म्हणाली, ‘‘स्नानाच्या श्लोकात कावेरी आहे, आपली कृष्णा नाही. त्यांनी ठरवलंच असेल काही.’’

आमचे एक शेजारी दर जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेस जातात. ही गणना 1987 पासून आशियाभर चालते. त्यांचे म्हणणे असे, की पक्ष्यांवरून तळ्याची खोली वाचता येते. पाणकावळा बुडी मारतो तेथे पाणी खोल. चित्रबलाक उभा राहून चोच चालवितो तेथे ते गुडघ्याखाली गेलेले. आणि कोणीच नसले, तर मोजपट्टी नेण्याचे कारण नाही. त्या संध्याकाळी आईने गडूची लाख फोडली आणि पाणी गच्चीवरच्या परळात, साळुंक्यांपुढे ओतले. आम्ही हळहळलो. ती म्हणाली, ‘‘तहान आत्ता लागलीय.’’

सप्टेंबरअखेर कृष्णेचे पाणी सुटले. ऑक्टोबरात आईला घेऊन आम्ही पूंडीस गेलो. 1944 साली पुऱ्या झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी जलविज्ञानाची संशोधनसंस्था आहे. आपल्या खडकवासल्याप्रमाणेच तेथे नद्या आणि धरणे लहान करून अंगणात मांडलेली असतात. त्या शास्त्रातले एक तमिळ अभियंते आमच्या ओळखीचे होते. हे पाणी महाबळेश्वरचे का, हे आईने त्यांनाच विचारावयास लावले, आम्ही दुभाषी.

ते हसले नाहीत. श्रीशैलम्‌च्या जलाशयातून निघालेले पाणी सोमशिलेस पेन्नेत मिसळते, तेथून कंडलेरूस येते, मग 152 किलोमीटर कालव्याने सरहद्दीवर उत्तुकोट्टैपाशी. पुढे पंचवीस किलोमीटर पूंडी. ‘‘अम्मा, थेंब ओळखता येत नाही. आम्ही पातळी मोजतो, वेग मोजतो, त्यावरून आकडा काढतो. कृष्णा आहे ती त्या आकड्यात.’’

‘‘आणि आमच्या वाट्याचे पाच?’’

‘‘वरच्यांनी न वापरता सोडले, तर ते खाली येते.’’

हे वाक्य आईस सांगताना आमची जीभ अडखळली. वाईजवळ आमच्या थोरल्या बंधूंचा नदीवर पंप आहे, आणि ऊस आहे. यंदा पाणी मुबलक मिळो, असे गेली कित्येक वर्षे आम्ही त्यांना प्रत्येक पत्रात लिहीत आलो. आणि इकडे पूंडी भरो, म्हणून वर्तमानपत्रातले आकडे पाहत आलो. दोन्ही मागणी एकाच नदीपाशी आहेत हे कधी ध्यानातच आले नव्हते. कारकुनी चूक म्हणावी, तर हिशेब आमच्याच घरचा.

आईने काठावर वाकून रिकामा गडू भरून घेतला. घरी आल्यावर आम्ही लाख शोधू लागलो. ती म्हणाली, ‘‘राहू दे.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो परळ भरलेले होते.