वीस दोन

माझी खालची डावी दाढ दिवाळीनंतर काढावी लागली. डॉक्टर सहज बोलून गेले, "बाई, ही तुमच्या पहिल्या पक्क्या दाढांपैकी. सहाव्या वर्षाच्या आसपास येते. हिच्यासाठी दुधाचा दात पडावा लागत नाही, ती मागे नव्या जागेत येते." भूल उतरेपर्यंत माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता, बावीस.

एरंडोलच्या शाळेत दुसरीला मी दरवर्षी दातांवर गणित घेते. जिभेने मोजलं की पोरं पुढच्या खिंडीपाशी अडखळतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून एकाने आरशात बघून बोट लावायचं, शेजाऱ्याने चिंचोका ठेवायचा. वरचे वेगळे, खालचे वेगळे. "बाई, मना दात पडी गया," असं सांगत कुणी आलं की तक्त्यात एक चिंचोका इकडचा तिकडे.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचा आकडा जुळेना. पडलेले 4, नवे आलेले 2. दुधाचे 20, त्यातले 4 गेले, 2 आले. तोंडात 18 हवेत. ती म्हणे, "वीस दोन." मी म्हटलं, पुन्हा मोज. तिने तीनदा मोजले, तीनदा चिंचोके 22. दुसऱ्या दिवशी तक्ता बघायला पाहुणे यायचे होते. तिचा आकडा मी खोडरबराने खोडला आणि 18 लिहिला. तक्ता सुबक दिसला, माझं कौतुक झालं. त्या कौतुकाची मला हाव होती, आजही आहे.

तिच्या चार पक्क्या दाढा मागे आल्या होत्या. वीस वर्षांहून जास्त काळ मी मुलांना तोंड उघडायला लावत होते, पण बघत होते पुढच्या खिंडीकडेच.

त्या दिवशी मी तिला आणखी एका गोष्टीवरून टोकलं होतं, "वीस दोन नाही, बावीस म्हण." 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' ही वाचनपद्धत आणली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. शिक्षकांच्या बैठकीत मी त्याविरुद्ध तावातावाने बोलले होते. आता वाटतं, त्या मुलीच्या तोंडात वीस आणि दोन असं वेगवेगळं काही नव्हतं, तरी बेरीज करत जायची वाट त्या शब्दातच होती. 'बावीस'मध्ये दोन आधी ऐकू येतात, लिहिताना वीस आधी येतात. मुलं तिथेच अडतात, हे मला रोज दिसत होतं.

हल्ली विकतचे रंगीत तक्ते आणि छापील कृतिपत्रिका वर्गात येतात. त्यांत आकडे आधीच जुळवलेले असतात. मला ते खपत नाही. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त भुंगे आहेत, हंस आहेत, साप आणि मोर आहेत. डोळ्यांसमोरच्या वस्तूंवरून गणित करण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही.

ती मुलगी आता हायस्कूलला आहे. परवा बाजारात आईबरोबर भेटली. मी म्हटलं, "तुझे बावीस बरोबर होते गं." ती लगेच म्हणाली, "तुम्ही खोडलं होतं, बाई."

यंदा तक्त्यात 'मागे आलेल्या' असा नवा रकाना आहे. काल एका पोराने माझं बोट धरून हिरडीवर टेकवलं. दाढेचं एक टोक तेवढं लागलं. "हाई मोजानी का?" त्याचा चिंचोका अजून माझ्या मुठीत आहे.