जर्मनची होडी

पणजीहून केरीला गेलं की फेरीबोटीची वाट पाहणं आलंच. पेडण्याच्या टोकाला तेरेखोल नदी, पलीकडे किल्ला. गेल्या उन्हाळ्यात अशीच वाट पाहताना जवळच्या एका अंगणात माडाखाली पालथी घातलेली होडी दिसली. तिच्या पोटाखाली चुडतं रचून ठेवली होती. लाकडाची नव्हती, फायबरचीही नव्हती. बोटाने टकटक केली, तर माजघरातल्या जुन्या पातेल्यासारखी वाजली.

"जर्मनची ती, बाबा," ओट्यावरून त्या घरचे काका म्हणाले. अॅल्युमिनियमचं आपल्या घरातलं नाव अजून हेच. काकांचा थोरला भाऊ तारवटी होता, त्याने ती आणलेली. कधी? "मुक्तीनंतर. पण पूल पडायच्या आधी."

मुक्ती १९६१ची. मांडवीचा पूल कोसळला ५ जुलै १९८६ला. मधली पंचवीस वर्षं हातात आली, आणि मला फेरीचं भान राहिलं नाही.

कारखानदाराची पट्टी केव्हाच गळून गेली होती, तिची दोन भोकं तेवढी उरली होती. रिव्हेटच्या रांगा मात्र अजून ताठ, विमानाच्या पंखावर असतात तशा. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानं बांधणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रमन कंपनीने याच पत्र्याच्या होड्या बांधायला घेतल्या, हे त्या रांगा पाहून आठवतंच. तळाची गळती बुजवायला कुणीतरी तांब्याचा रिव्हेट मारला होता. खाऱ्या पाण्यात तांब्याला टेकलेलं अॅल्युमिनियम झिजतं. रिव्हेट शाबूत होता, भोवतीच्या पत्र्याची चाळण झाली होती.

होडी तिकडची असेल, तर साल तिच्या अंगावरच सापडेल असं वाटलं. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२पासून प्रत्येक नव्या होडीच्या मागच्या फळीवर, उजव्या हाताला वर, बारा अक्षरांचा क्रमांक घालणं सक्तीचं झालं. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढची पाच त्या होडीची, शेवटची चार काळाची. इथे रंगाचे इतके थर होते की डोळ्यांना काही दिसेना. पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. पहिली अक्षरं उठली नाहीत, ती झिजली होती. शेवटी मात्र हळूहळू उमटलं: एम ७६ डी. या पद्धतीत वर्ष ऑगस्टपासून मोजतात, आपलं व्यापारी वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं तसं. ए म्हणजे ऑगस्ट, डी म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे मॉडेल १९७६चं, जन्म नोव्हेंबर १९७५चा. काकांनी तो कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

मग म्हणाले, "आणि बापायची लाकडाची होती, तिचं साल कसं काढशील?"

त्या होडीवर कसलाच क्रमांक नव्हता. आंब्याचं खोड कोरलेलं, बाजूला उलांडी, वरून काजूच्या टरफलांचं तेल. पण काकांना ती बांधणाऱ्या मेस्ताचं नाव ठाऊक होतं, आंबा कुणाच्या भाटात उभा होता तेही ठाऊक होतं. हे कुठल्याही कचेरीत लिहिलेलं नाही. न लिहिल्याने काय होतं ते पाहा: दिवाडी बेटावर काथ्याने फळ्या शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' जहाज मे २०२५मध्ये नौदलात दाखल झालं. त्याचं रूप अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून घ्यावं लागलं, कारण तसल्या जहाजाचा एकही आराखडा उरलेला नव्हता. बांधणारे हात शेकडो वर्षं होते, लिहिणारा कुणी नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं.

मेस्ताचं नाव मी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून घेतलं. तुमच्याही अंगणात, माडाखाली, एखादी जुनी होडी पडली असेल. ती भंगारात देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा: कुणी बांधली, लाकूड कुठलं, पूल पडायच्या आधीची की नंतरची. आणि लिहून ठेवा.